ओल्या मातीवरचा ठसा
स्मृतिभ्रंशाविषयी जाणीव निर्माण करण्यासाठी शिल्पकलेचा उपयोग : एक अभ्यासलेख

प्रास्ताविक

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर आरोग्यविषयक एखादा अभ्यासलेख असावा, अशी आमची धारणा आहे. देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक ह्या तिघांनाही उपयोगी पडेल असा विषय त्यासाठी आम्ही निवडतो. यंदाचा विषय काहींना अनपेक्षित वाटेल. अल्झायमर हा मेंदूचा आजार आणि शिल्प ही कला. ह्या दोहोंची सांगड कशी घालावी, असा प्रश्न प्रारंभी आम्हालाही पडला होता.

'साठी बुद्धी नाठी' ह्या म्हणीने आपल्या समाजाची जेवढी करमणूक केली, तेवढेच नुकसानही केले आहे. घरातील वृद्ध माणूस एकच प्रश्न दहा वेळा विचारू लागला, जेवूनही जेवलो नाही म्हणू लागला, स्वतःच्याच गल्लीत वाट चुकू लागला, की 'वय झालं' एवढ्या दोन शब्दांत निदान उरकले जाते. कोणी 'चळ लागला' म्हणते, कोणी 'बाहेरचं काही तरी' म्हणून अंगारा आणते. अशा रुग्णांना आमच्याकडे आणले जाते ते बहुधा विस्मरणासाठी नव्हे, तर रात्री बाहेर पडून खुबा मोडला म्हणून किंवा चुलीशी भाजले म्हणून. तोवर आजाराची कित्येक वर्षे लोटलेली असतात, आणि त्या वर्षांत घरात झालेली चिडचिड, रागावणे, प्रसंगी दाराला लावलेली कडी ह्यांचे ओझे नातेवाइकांच्या मनावर साचलेले असते.

जनजागृतीसाठी पत्रके छापता येतात. परंतु ज्यांच्यासाठी ती छापावयाची, त्या पिढीतील अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, शाळेचे तोंड पाहता आले नाही. म्हणून जे वाचावे लागत नाही, हाताने चाचपता येते, अशा साधनाचा विचार आम्ही करू लागलो. ते साधन आपल्या पायाखालीच होते. ते म्हणजे माती.

आजाराची थोडक्यात ओळख

जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील रुग्णालयात १९०१ साली आउगुस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. स्मरणशक्ती ढासळणे, संशय घेणे, वेळ-काळाचे भान सुटणे ही तिची लक्षणे डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी बारकाईने नोंदवून ठेवली. १९०६ साली तिचा मृत्यू झाल्यावर त्यांनी तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबर रोजी ट्युबिंगेन येथील सभेत आपले निष्कर्ष मांडले. पुढे १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात ह्या विकारास अल्झायमर यांचे नाव दिले. वयामुळे येणारी विसराळूपणाची सवय निराळी आणि मेंदूतील पेशींचा प्रत्यक्ष ऱ्हास निराळा, ही गोष्ट तेव्हापासून शास्त्राला ज्ञात आहे. आपल्या ओसरीपर्यंत ती अद्याप पोहोचलेली नाही.

स्मृतिभ्रंश ही लक्षणांच्या एका समूहास दिलेली संज्ञा असून अल्झायमर हे त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण होय. भारतातील ज्येष्ठांच्या राष्ट्रव्यापी पाहणीवर आधारित, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार साठ वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश असावा. शहरांच्या तुलनेत ग्रामीण भागात आणि पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांत हे प्रमाण अधिक आढळले. हा श्रीमंतांचा किंवा शहरांचा आजार आहे, हा समज ह्या आकड्यांपुढे टिकत नाही.

मातीच का?

जालना जिल्ह्याचे आणि मातीच्या शिल्पाचे नाते फार जुने आहे. आजचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी तेथे केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन मृण्मूर्ती मिळाल्या. इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीप्रतिमेशी साम्य असलेल्या एका प्रतिमेचा अवशेषही तेथेच मिळाला. दोन हजार वर्षांपूर्वी येथील कारागिरांच्या बोटांना मातीचे मर्म अवगत होते.

ती परंपरा वस्तुसंग्रहालयात जाऊन थांबलेली नाही. श्रावणी अमावास्येला, पोळ्याच्या दिवशी, ज्यांच्या दावणीला बैल नाही त्यांच्या घरीही मातीच्या बैलजोडीची पूजा होते. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या पिढीने बालपणी मातीचे बैल, चूल-बोळकी, जाते स्वतः घडविले आहे. शेतकऱ्याने आयुष्यभर माती हाताळली, गृहिणीने भिंती लिंपल्या, पीठ मळले. मळणे, थापणे, वळणे ह्या क्रिया त्यांच्या हातात मुरलेल्या असतात.

ह्याला शास्त्रीय आधारही आहे. काल काय घडले, कोण भेटून गेले, ही आठवण मेंदूच्या ज्या भागांवर अवलंबून असते, त्यांस अल्झायमरमध्ये लवकर इजा पोहोचते. भाकरी थापणे, दोर वळणे यांसारख्या सरावाच्या क्रियांची स्मृती मेंदूच्या निराळ्या भागांत राहते आणि ती तुलनेने उशिरापर्यंत टिकते. नातवाचे नाव न आठवणारी आजी पिठाचा गोळा हाती येताच अचूक उंडा वळते, ते ह्यामुळेच.

इतरत्र झालेले प्रयत्न

कॅनडातील टोरांटो शहरात बेक्रेस्ट ह्या ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेसाठी प्रसिद्ध असलेल्या संस्थेने २०१६ साली 'ब्रेन प्रोजेक्ट' नावाचा उपक्रम सुरू केला. मेंदूच्या आकाराची मोठी शिल्पे निरनिराळ्या कलावंतांकडून सजवून घेऊन ती शहरातील रस्त्यांवर व चौकांत मांडण्यात आली. त्यातून लोकांचे कुतूहल जागे झाले आणि संशोधनासाठी निधीही उभा राहिला. धर्मादाय रुग्णालयाने शिल्पाचा आधार घेतल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

महाराष्ट्रात हे काम एका चित्रपटाने केले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' (२०१३) मध्ये अल्झायमर झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका, स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. मोहन आगाशे यांनी केली. हा पंडित हत्तीच्या ओढीने मोटारीतून उतरतो व हरवतो. त्याला सांभाळते ती माहुताची कानडी बोलणारी पत्नी. तिला त्याची विद्वत्ता ठाऊक नसते, म्हणून तिच्या लेखी त्याने काही गमावलेलेही नसते. समोर आहे त्या माणसाला ती जेवू घालते. आमच्या ग्रामीण वाचकांना ह्या प्रसंगाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

टोरांटोसारखी भव्य शिल्पे आमच्या आवाक्याबाहेरची आहेत आणि त्यांची येथे गरजही नाही. आमच्या दृष्टीने घडवून झालेल्या शिल्पाइतकीच ते घडविण्याची क्रिया मोलाची आहे. पुढील तीन पाठ शाळा, महिला बचत गट, भजनी मंडळ किंवा एखादे कुटुंबही करू शकेल.

पाठ पहिला : अंगठ्याचा ठसा आणि दोन मेंदू

शाडूची किंवा कुंभाराकडील मळलेली माती घ्यावी. आपली काळी माती वाळताना आकसते व तडकते. म्हणून तिचा वापर टाळावा, अथवा कुंभार करतात त्याप्रमाणे गाळाच्या मातीत राख मिसळून ती चाळून, भिजवून मळावी.

प्रथम दोन चकत्या घ्याव्यात. एक ओली, दुसरी दोन दिवस आधी करून, ओली असतानाच तिच्यावर अंगठा उमटवून वाळविलेली. आता प्रत्येकाने दोन्ही चकत्यांवर अंगठा दाबावा. ओल्या चकतीवर ठसा उमटतो, वाळलेल्या चकतीवर नवा ठसा उमटत नाही. जुना मात्र स्पष्ट दिसत राहतो. लग्नातल्या मांडवाचे वर्णन करणाऱ्या आजोबांना सकाळचा चहा का आठवत नाही, ह्याचे उत्तर ह्या चकतीत आहे. सकाळच्या चहाचा ठसा उमटलेलाच नसतो. 'मघाशीच सांगितलं ना!' असे ओरडून तो उमटणार नाही. आजार वाढतो तसे जुने ठसेही झिजतात, हेही येथे सांगावे.

त्यानंतर सुमारे १३५० ग्रॅम माती तोलून घ्यावी. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारण तेवढेच असते. माती मेंदूपेक्षा जड असल्यामुळे हा गोळा प्रत्यक्ष मेंदूहून लहान दिसेल. परंतु तळहातावर पेललेले वजन खरे असते. त्यावर वळ्या कोराव्यात. दुसरा गोळा कमी मातीचा करून त्यातील वळ्या बारीक व खाचा रुंद ठेवाव्यात, मधली पोकळी मोठी करावी. कानशिलाच्या आतील बाजूस दोन्हीकडे असणारा, नव्या आठवणी साठविण्यास साहाय्य करणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बारीक करून दाखवावा. अमिलॉइड व टाऊ ह्या प्रथिनांच्या साठ्यांशी ह्या ऱ्हासाचा संबंध आहे. दोन गोळे दोन हातांत घेतल्यावर 'म्हातारी मुद्दाम करते' हे वाक्य उच्चारणे अवघड होते, असा आमचा अनुभव आहे.

पाठ दुसरा : पोळ्याचा बैल

हा पाठ ज्येष्ठांसमवेत करावयाचा आहे. ह्यात आम्हीच अधिक शिकलो, म्हणून एक प्रसंग, संबंधितांची ओळख पटणार नाही अशा रीतीने, येथे नमूद करतो.

एक वृद्ध शेतकरी सुनेसमवेत आमच्याकडे येत असत. घरात ते रात्री-अपरात्री उठून रिकाम्या गोठ्यात जाऊन बसत. घरचे शेतात जाताना बाहेरून कडी लावत. दुसरा इलाज नाही, असे सून खाली मान घालून सांगे. पोळ्याच्या सुमारास व्हरांड्यात माती ठेवली होती. आजोबांनी गोळा उचलला, तळव्यांत फिरविला आणि बोलणे न करता आधी वशिंड काढले, मग मान, गळ्याखालची पोळी, पाय. शिंगे लावताना डावे शिंग त्यांनी अंमळ खाली मुरडले. सून जवळ सरकली. "अहो, हा तर आपला ढवळ्याच की!" ती म्हणाली. २०१२-१३ च्या दुष्काळात चारा-पाण्याअभावी विकलेला तो बैल होता. रात्री आजोबा गोठ्यात कशासाठी जातात, हे घराला त्या दिवशी उमगले.

आम्ही तो बैल जपून ठेवण्यासाठी हात पुढे केला, तोच आजोबांनी तो दाबून पुन्हा गोळा केला आणि नव्याने मळू लागले. आम्हाला हळहळ वाटली, त्यांना नाही. शिल्प टिकावे ही आमची गरज होती. त्यांना मळण्यात समाधान होते. पुढील भेटीत त्यांना बैलाचे काही आठवत नव्हते आणि आजारही थांबला नव्हता. घरात मात्र बदल झाला. गोठ्यात एक बाज टाकली गेली, रात्री तेथे दिवा राहू लागला आणि मुलगा व नातू पाळीपाळीने सोबत निजू लागले. कडी निघाली.

ह्या पाठासाठी आम्ही पुढील पथ्ये पाळतो.

१. वेळ सकाळची ठेवावी. अनेक रुग्णांची अस्वस्थता सायंकाळी वाढते. अर्धा तास पुरे.

२. 'हे काय आहे, ओळखा पाहू' अशी परीक्षा घेऊ नये, चूक सुधारू नये. आपण शेजारी बसून स्वतः माती मळावी. पाहून त्यांचे हात चालू लागतात.

३. लहान मुलाशी बोलावे तसे बोलू नये. ज्यांनी बारा एकर शेती केली, त्यांना 'शहाणं बाळ' म्हणणे हा अपमानच होय.

४. माती स्वच्छ व विनारंगाची असावी. आजार वाढलेला रुग्ण ती तोंडात घालू शकतो, म्हणून नजर ठेवावी. टोकदार हत्यारे देऊ नयेत. हातावर जखम असल्यास माती देऊ नये. नंतर हात साबणाने धुवावेत.

५. नको म्हटल्यास आग्रह करू नये.

पाठ तिसरा : प्रतीक्षागृहातील शिल्प

तिसरा पाठ सार्वजनिक शिल्पाचा. स्मृतिभ्रंश दाखविताना चित्रकार व शिल्पकार पुष्कळदा डोक्याचे तुकडे उडालेला, चेहरा पुसला गेलेला माणूस दाखवितात. दुरून ते परिणामकारक वाटते. परंतु प्रतीक्षागृहातील बाकावर ज्या लेकीची आई शेजारी बसली आहे, तिने समोर आईचे फुटलेले डोके पाहावे काय? जाणीव निर्माण करताना भीती निर्माण झाली, तर लोक आजार लपवितात. ज्याला उपचारासाठी बाहेर आणावयाचे, तोच अधिक आत कोंडला जातो.

म्हणून आम्ही सुचवितो ती रचना साधी आहे. पाटावर बसलेली वृद्ध व्यक्ती, तिचा चेहरा पूर्ण, डोळे शांत. मांडीवर मातीचा अर्धवट बैल, ज्याचे एक शिंग अजून लावावयाचे आहे. मागे दुसऱ्या माणसाचा हात, ते उरलेले शिंग पुढे करणारा. आजाराची उणीव बैलात दिसावी, माणसात नव्हे; आणि ती भरून काढण्यासाठी कोणी तरी जवळ असावे लागते, हे अक्षरओळख नसलेल्यालाही कळावे. शिल्प बैठ्या माणसाच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर ठेवावे. त्याला हात लावू नये, अशी पाटी लावू नये.

करण्याची पद्धत सांगावयाची तर, लाकूड व तारेचा सांगाडा उभारून त्यावर प्रथम ढोबळ आकार चढवावा, तपशील शेवटी करावेत. काम थांबले की ओले फडके व वर प्लास्टिक गुंडाळावे. माती भाजावयाची असल्यास सांगाडा न वापरता मूर्ती आतून पोकळ ठेवावी, भिंतीची जाडी सर्वत्र सारखी असावी आणि ती सावलीत सावकाश वाळवावी. आत ओल राहिल्यास भट्टीत तडा जातो. मोठ्या शिल्पासाठी मातीवरून प्लास्टरचा साचा घेऊन सिमेंटमध्ये ओतीव काम करणे कमी खर्चाचे आहे. अलिबागजवळील सासवणे येथे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांच्या संग्रहालयातील सामान्य माणसांची व जनावरांची शिल्पे पाहिली, की सिमेंटसारख्या साध्या साहित्यातूनही केवढी माया प्रकट होते, ह्याची साक्ष पटते.

कोणत्याही रुग्णाचा चेहरा ओळखू येईल असा घडवू नये. स्वतःची संमती देण्याची शक्ती गमावलेल्या माणसाची आब राखणे ही घडविणाऱ्याची जबाबदारी आहे.

कुटुंबीयांसाठी आवश्यक माहिती

मातीकामाने मन रमते, अस्वस्थता काही काळ कमी होते, घरच्यांशी संवाद घडतो. गेलेली स्मृती परत येते, असा दावा कोणी केल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मीन, मेमँटीन ही औषधे काही रुग्णांत लक्षणे काही काळ आटोक्यात ठेवतात. आजाराच्या प्रारंभीच्या अवस्थेसाठी अमिलॉइड हटविणारी नवी औषधेही काही देशांत उपलब्ध झाली आहेत. तथापि ती महाग असून त्यांवर सतत देखरेख लागते आणि तीही आजार बरा करीत नाहीत.

तरीही लवकर तपासणीस यावे, ह्याचे कारण असे की, प्रत्येक विस्मरण अल्झायमरचे नसते. थायरॉईडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य, काही औषधांचे दुष्परिणाम, डोक्याला मार लागून आत साचलेले रक्त ह्यांमुळेही तशीच लक्षणे दिसतात आणि त्यांवर उपचार आहेत. शाळा न शिकलेल्या ज्येष्ठांना तारीख विचारून किंवा वाक्य लिहावयास लावून नापास करणे अन्यायाचे ठरते. हरियाणातील बल्लभगढच्या ग्रामीण ज्येष्ठांसाठी तयार केलेली व १९९५ साली प्रसिद्ध झालेली हिंदी चाचणी ह्याच विचारातून निर्माण झाली. आपल्याकडे तारखेऐवजी 'पोळा होऊन गेला की यायचाय?' हा प्रश्न अधिक न्याय्य आहे.

प्रतिबंधासंबंधीही सांगण्यासारखे आहे. 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली चौदा धोक्यांची यादी दिली. आयुष्यभर त्यांची काळजी घेतल्यास जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबविता येईल, असा त्याचा अंदाज आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, मद्यपान, ऐकू कमी येणे, उपचाराविना राहिलेला दृष्टिदोष, डोक्याची इजा, एकाकीपणा आणि अपुरे शिक्षण ही त्यांतील काही कारणे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, श्रवणयंत्र, रक्तदाबाची नियमित गोळी, दुचाकीवरील शिरस्त्राण आणि मुलीची न सुटलेली शाळा हे सर्व मेंदूच्या रक्षणाचेच उपाय होत.

घरात सांभाळ करणाऱ्या व्यक्तीस, बहुधा सुनेस किंवा पत्नीस, आठवड्यातून काही तास तरी सुटी मिळावी, ही आमची आग्रहाची विनंती आहे. मदतीसाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ हे शासकीय क्रमांक उपलब्ध आहेत. जागतिक अल्झायमर दिन दरवर्षी २१ सप्टेंबरला पाळला जातो. गणपती आणि पोळ्याच्या दिवसांच्या आसपासच तो येतो, म्हणजे घरोघरी माती भिजलेली असण्याचाच हा काळ.

समारोप

सांची येथील स्तूपाच्या शिलालेखांत भोगवर्धनहून आलेल्या दात्यांच्या दानाचा उल्लेख आहे. येथील माणसांनी दोन सहस्र वर्षांपूर्वी दूर देशी दान दिले आणि दगडाने ते लक्षात ठेवले. आमच्या देणगीदारांस आम्ही त्याच परंपरेतील मानतो. ह्या कामी मात्र दगडाची मागणी नाही. चार पोती शाडू, व्हरांड्यातील दोन बाके, आठवड्यातून एक सकाळ देणारे स्वयंसेवक आणि सांभाळ करणाऱ्या सुना-लेकींना त्या सकाळपुरता विसावा मिळेल अशी एक खोली, एवढ्यावर हा उपक्रम चालतो.

ज्यांच्यासाठी हे करावयाचे, ते आपले आभार मानू शकणार नाहीत. दुसऱ्या दिवशी आपण येऊन गेल्याचेही त्यांना आठवणार नाही. त्यांचे हात मात्र पुन्हा मातीकडे जातील. तेव्हा शेजारी कोणी तरी बसलेले असावे, एवढीच आमची आपणा सर्वांस नम्र विनंती आहे.